बोटावर अंगठीचा टॅटू काढायचाय: टिकतो का, आणि आधी काय काय बघावं?

लेथमास्तर
नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर असतो. मार्गशीर्षात लग्न ठरलंय. आमच्या शॉपमध्ये अंगठी, कडं, घड्याळ काही चालत नाही, आत जातानाच काढून लॉकरला ठेवायचं. नियम बरोबरच आहे. तुकडा धरून फिरणाऱ्या चकमध्ये अंगठी अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते, प्रसंगी बोटच जातं. पण मग साखरपुड्याची अंगठी फक्त रविवारी घालायची असं झालंय. म्हणून हिनं डोकं चालवलं की अंगठीच्या जागी दोघांनी टॅटू काढूया. बारीक रेघ आणि तिच्यावर एकमेकांच्या नावाचं पहिलं अक्षर.

आता एक मित्र म्हणतो वर्षात उडून जातो, दुसरा म्हणतो मेल्यावरच जातो. खरं काय? कुणी काढलाय का? खर्चाचं नंतर बघू. घरी अजून सांगितलेलं नाही, त्यामुळं त्यावर सल्ले नकोत.

शिवाजीपेठ_जुना
घरी सांगितलेलं नाही आणि इथं अख्ख्या कोल्हापूरला सांगितलंस, नाद खुळा.

शाईवाला
राजारामपुरीत टॅटूचं काम करतो. दुकानाचं नाव टाकत नाही, जाहिरात म्हणून धागा उडायला नको.

मास्तर, तुझे दोन्ही मित्र बरोबर आहेत, कारण एकाच बोटावर दोन्ही घडतं. शाई बसते ती कातडीच्या आतल्या थरात, वरून एक ते दोन मिलिमीटर खाली. तिथं शरीरातल्या पेशी शाईचे कण गिळून धरून ठेवतात, म्हणून टॅटू राहतो. वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होतो, त्यात राहिलेली शाई गळून पडते. दंडावर किंवा पाठीवर हे नेम धरून करता येतं. बोटावर अवघड जातं.

बोटाच्या वरच्या बाजूला, म्हणजे नखाच्या बाजूला, कातडी पातळ आणि लगेच खाली हाड. सुई जरा जास्त गेली की शाई आजूबाजूला पसरते, टीपकागदावर थेंब पडल्यासारखी. तळव्याच्या बाजूला उलटं, कातडी जाड, त्यात रोजची घासाघीस. तिथं शाई नीट पोचतच नाही आणि पोचली तरी ठिगळं ठिगळं होऊन निघून जाते. दोन बोटांच्या मधली बाजू या दोन्हीच्या मध्ये, आणि फोटोत सगळ्यात छान दिसते ती हीच जागा. इन्स्टावर जे फोटो बघता ते सुई थांबल्यावर पाच मिनिटांत काढलेले असतात. तोच हात वर्षानं दाखवा म्हणावं.

म्हणजे पूर्ण गोल अंगठी काढलीस तर वरचा अर्धा भाग राहील आणि खालचा अर्धा पुसट होत जाईल. मी पूर्ण गोल काढतच नाही. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं तर दुसरीकडं जा म्हणतो. बोटाच्या कामाला टचअपची, म्हणजे पुसट झालेलं परत भरून देण्याची, गॅरंटीही देत नाही. जो देतो त्याला विचारा की कितीवेळा आणि फुकट का.

लेथमास्तर
दादा, मग अक्षराचं काय? हिचं अक्षर ‘ध’ आहे.

शाईवाला
नको. ध, घ, भ, म यांच्यात फरक असतो तो शिरोरेघेतल्या एका फटीचा आणि एका बारक्या गाठीचा. बोटावर अक्षर काढायला जागा मिळते जेमतेम सात-आठ मिलिमीटर. दोन-चार वर्षांत रेघ जाड होते, फट बुजते. ‘ध’चा ‘घ’ झाला तर घरात कोण ही ‘घ’, हे तुला सांगत बसावं लागेल. ‘ब’चंही तेच, पोटातली तिरकी रेघ बुजली की ‘व’ही राहत नाही, नुसता काळा ठिपका. अनुस्वार तर बोटावर देऊच नये.

पोरं येतात चार बोटांवर ‘जगदंब’ काढायला. ज, ग, दं, ब, हिशेब बरोबर चार बोटांचा. मूठ आवळली की वाचता येतं, भारी दिसतं. पण मुठीच्या हाडावर कातडी दिवसभर ताणते आणि सैल पडते. तिथं खपली फुटते, शाई जाते, आणि पहिल्यांदा जातो तो ‘दं’वरचा टिंब.

कळंब्याची_आक्का
अरे बाळांनो, देवीचं नाव बोटावर कशाला? हात कुठं कुठं जातो दिवसभर. जेवताना, धुताना, सगळीकडं. गळ्यात घाला, दंडावर काढा. बोटावर नको गं बाई.

बाकी टिकत नाही म्हणता ते मला पटलं नाही. माझ्या आजीच्या हातावर गोंदण होतं, तुळस आणि बोटांच्या मुळाशी ठिपके. नव्वदीपार गेली, शेवटपर्यंत दिसत होतं. काजळी आणि कसल्या तरी पाल्याचा रस, एवढ्यावर गोंदायच्या बायका. तुमची परदेशी शाई वर्षात जाते म्हणजे काय?

शाईवाला
आक्का, आजीचे ठिपके हाताच्या पाठीवर आणि बोटांच्या मुळाशी होते, तळव्याकडं नव्हते. गोंदणाऱ्या बायकांना जागा बरोबर कळायची. शिवाय ठिपका पसरला तरी ठिपकाच राहतो, नाजूक अक्षराचं तसं नाही. आजीचं गोंदण शेवटी हिरवट-निळं दिसत असणार, कडा मऊ झालेल्या. कोळशाची काळी शाई कातडीखालून निळसर दिसते आणि वर्षं गेली की रेघ रुंदावते. तेव्हा जे जमायचं ते आजही जमतं, ठसठशीत आणि साधं काढलं तर.

कळंब्याची_आक्का
हिरवंच होतं. हे मात्र बरोबर ओळखलंस.

ओटीवाली_सिस्टर
दवाखान्यात नोकरीला आहे, कुठल्या ते राहू दे. आक्का, आजींची गोष्ट मान्य, पण तेव्हा एकाच सुईनं आळीतल्या साऱ्या पोरी गोंदून व्हायच्या हेही खरं. जत्रेत पाल टाकून बसतात त्यांच्याकडं आजही काही ठिकाणी तसंच चालतं. सुई स्पिरिटनं पुसली की स्वच्छ झाली असं त्यांना वाटतं. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर, निदान सात दिवस तग धरतो. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचीही वाट सुईच आहे.

दुकानात गेल्यावर लाजू नका, डोळ्यांनी बघा. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, त्यावर तारीख असते ती वाचा. शाई मोठ्या बाटलीतून छोट्या टोपणात काढतात, उरलेली परत बाटलीत ओतली तर उठून यायचं. शाई पातळ करायला नळाचं पाणी वापरत असतील तरीही उठून यायचं. हातमोजे घालून मध्येच मोबाईलला हात लावतात आणि परत तेच वापरतात का तेही बघा. पुन्हा वापरायचं एखादं स्टीलचं सामान असेल तर ते ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाच्या वाफेनं जंतू मारणाऱ्या यंत्रातून, निघालेलं हवं, १२१ अंश सेल्सिअसला पंधरा-वीस मिनिटं. नुसत्या उकळत्या पाण्यानं भागत नाही.

हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का दोघांनी? लहानपणीचं कार्ड घरी असेल तर काढून बघा. नसेल तर तीन डोस असतात, पहिला आज, दुसरा महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. मधुमेह असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, जखमेवर गाठीसारखे जाड व्रण उठायची सवय असेल, तर आधी डॉक्टरना विचारा.

लेथमास्तर
लस माहीत नव्हती, बघतो. जखम बरी व्हायला किती दिवस लागतात? चार दिवस सुट्टी टाकली तर चालेल का?

ओटीवाली_सिस्टर
चार दिवसांत नाही. वरवर भरायला दोन-तीन आठवडे धर, आतून पूर्ण बरं व्हायला त्याहून जास्त. तुझ्या कामात नेमकं काय काय हाताला लागतं ते सांग.

लेथमास्तर
कूलंट, म्हणजे कापताना जॉब थंड ठेवायचं पाणी, तर दिवसभर. जॉब काढताना, चिप्स (धातूचा कीस) ओढताना मनगटापर्यंत ओलं असतं. शिफ्ट सुटताना हात धुवायला पेस्ट, ती संपली की साबण आणि लाकडाचा भुसा. पोरं रॉकेलनंही धुतात, मी नाही धूत. मशीनवर मोजे घालायला बंदी, मोजा स्पिंडलमध्ये ओढला जातो.

ओटीवाली_सिस्टर
मग तूच उत्तर दिलंस. कूलंटनं चांगल्या कातडीलाही खाज आणि पुरळ उठतं, आणि जुन्या झालेल्या कूलंटमध्ये जंतू पोसलेले असतात. त्यात उघडी जखम, वर मोजा घालायचा नाही, आणि संध्याकाळी भुश्यानं घासायची. पू होण्याची वाट बघायचीही गरज नाही. असल्या हातानं काम करणार असशील तर टॅटू काढूच नको असं माझं स्पष्ट मत.

फौंड्री_शिरोली
सिस्टर बरोबर बोलताहेत. आमच्यात एकानं काढलेला, मोल्डिंगला असतो. वाळूनं घासून घासून दिवाळीपर्यंत नुसता राखाडी डाग उरला. आता सगळे विचारतात कुठं चिमटा बसला.

मास्तर, सुपरवायझरला विचारून दोन-तीन आठवडे इन्स्पेक्शनला, म्हणजे तयार माल मोजायला, का बसत नाहीस? व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, हात कोरडा राहतो. लग्नाच्या नावावर एवढं करतील की.

लेथमास्तर
हे डोक्यातच आलं नव्हतं. विचारतो.

गंगावेस_लाल_माती
तालमीतली पोरं वाचत असतील तर त्यांच्यासाठी. टॅटू ओला असताना मॅटवर उतरू नका, मातीत तर अजिबात नको. मॅटवर नायटा कसा पसरतो ते आपल्याला ठाऊक आहे, एकाला झाला की आठवड्यात चौघांना. उघड्या जखमेला तर निमित्तच. आणि बोटाची पकड हेच आपलं हत्यार. वस्तादांना विचारून, सीझन संपल्यावर काय ती हौस करा.

भरती_२६
अग्निवीर आणि एसएससी जीडीची, म्हणजे सैन्य आणि निमलष्करी दलांच्या भरतीची, तयारी करणाऱ्या पोरांनी आधी जाहिरातीतला टॅटूचा परिच्छेद वाचावा. बीएसएफ, सीआरपीएफ वगैरे दलांत टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला, तोही डाव्या हाताचा, कारण सलाम उजव्या हातानं करतात. नाहीतर हाताच्या पाठीवर. आकारही त्या अवयवाच्या पाव भागापेक्षा कमी हवा, आणि मजकूर म्हणजे देवाधर्माचं चिन्ह किंवा नाव. सैन्यातही हाताची आतली बाजू आणि पंज्याची पाठ एवढंच आहे, आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रिवाजाप्रमाणे सवलत असते.

बोट हे पंज्याच्या पाठीत धरायचं की नाही, हे मेडिकलला बसलेला डॉक्टर ठरवणार. त्याच्यासमोर वाद घालायला जायचं आहे का? आमच्या शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीसारखं गाव आहे, घराघरातून पोरं फौजेत. तिथली पोरं पळायला पहाटे उठतात आणि टॅटूमुळं परत येतात, हे बघवत नाही. आधी भरती, मग टॅटू.

राजारामपुरी_७वी_गल्ली
माझ्याकडं आहे. तर्जनीच्या आतल्या बाजूला, अंगठ्याकडं, बारीक पान. काढून बरीच वर्षं झाली. पानाचा देठ आणि एक कड राहिलीय, बाकी गेलं. मला आवडतं असंच. दुखलं मात्र खूप. दंडावर मोठा आहे, त्याला एवढं दुखलं नव्हतं. बोटावर मशीनची थरथर थेट हाडात जाते.

आयटीत असल्यामुळं कुणी काही बोललं नाही. पण माझी बहीण विमान कंपनीत केबिन क्रूच्या मुलाखतीला गेली होती तेव्हा हात पुढं-मागं करून बघितले. हाताचा टॅटू शर्टाच्या बाहीत लपवता येतो, बोटाचा नाही. अंगठी घालून झाकता येतो म्हणतात, पण तीच तर मास्तरांना घालता येत नाही.

शिवाजीपेठ_जुना
पान तरी राहिलं म्हणायचं. एक शंका. आधारचा अंगठा, रेशन दुकानातलं मशीन, ऑफिसची हजेरी, ह्यात बोटाचा टॅटू अडवतो का?

शाईवाला
बोटाच्या मुळाशी अंगठीच्या जागी असेल तर संबंधच नाही, ठसा बोटाच्या टोकाच्या गादीचा घेतात. टोकाच्या गादीवर काढायला कुणी आलं तर मी सरळ नाही म्हणतो, तिथं शाई टिकत नाही आणि खपली असेपर्यंत मशीन ठसा घेत नाही. मास्तरांच्या धंद्यात तसेही ठसे झिजलेले असतात, ते वेगळं.

लेथमास्तर
खरं आहे. रेशनला आईलाच पाठवतो.

धनुची_मैत्रीण
मी नवरीच्या बाजूची, धागा तिनंच दाखवला. तिचा प्रश्न असा की लग्नाआधी काढला तर चालेल का, म्हणजे फोटोत येईल.

ओटीवाली_सिस्टर
लग्नाच्या तोंडावर तर मुळीच नको. हिशेब करा. हळद लागणार, मेंदी लागणार, दोन्ही ओल्या जखमेवर नकोत. हळद घरात जखमेला लावतो म्हणून ताज्या टॅटूवरही लावतात, तसं करू नका. मग लग्नानंतर घरात कौतुकानं स्वयंपाक करायला लावतील. कांदा-लसूण चटणी हातानं कालवायची म्हटल्यावर काय होईल ते मी सांगायला नको. भांडी घासायची पावडर, कपड्यांचा सोडा, पुढं देवदर्शनाला गेल्यावर पंचगंगेत किंवा समुद्रात हात, काही म्हणजे काही चालत नाही. कुठलंही साचलेलं पाणी महिनाभर वर्ज्य.

फोटोचीच हौस असेल तर साध्या मेंदीच्या कोनानं अंगठी काढा. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळते ती मात्र घेऊ नका. तिच्यात केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन मिसळलेलं असतं, फोड येतात आणि डाग राहतात.

शाईवाला
मेंदीची कल्पना मी तशीही सगळ्यांना देतो. आठवडाभर बोटावर ठेवा, कामावर जा, जेवा, गाडी चालवा. आठ दिवसांत कंटाळा आला तर माझे कष्ट वाचले.

मोरेवाडी_पायवाट
आणि नंतर नको झाला तर लेझरनं जातो ना? एवढं काय त्यात.

ओटीवाली_सिस्टर
जातो, पण जाहिरातीत दाखवतात तसा एका बैठकीत नाही. लेझर शाईचे बारीक तुकडे करतो आणि मग शरीर ते हळूहळू वाहून नेतं. बैठका अनेक, दोन बैठकांत सहा ते आठ आठवडे. हातापायाच्या टोकाला हे काम आणखी सावकाश होतं. आपल्या सावळ्या कातडीवर तिथं पांढरा किंवा जास्त काळा डाग राहायची भीती असते. काळी शाई त्यातल्या त्यात बरी निघते. लाल शाईची ॲलर्जीही जास्त दिसते, तेव्हा काढायचाच असेल तर नुसता काळा. आणि लेझर करायचं झालं तर त्वचारोगतज्ज्ञाकडंच, पार्लरमध्ये नव्हे.

एमआरआयचं कुणीतरी विचारेलच. टॅटू असला तरी एमआरआय होतो. क्वचित कुणाला तिथं ऊब किंवा चुरचुर जाणवते. मशीनवाल्याला आधी सांगायचं.

हुपरी_चांदी
आमच्याकडं चांदीचं काम आहे म्हणून वेगळं सुचवतो. मशीनवर अंगठी चालत नाही तर गळ्यातल्या साखळीत अंगठी घालायची, शर्टाच्या आत. धंदा म्हणून सांगत नाही, हां थोडं धंदा म्हणूनही.

फौंड्री_शिरोली
साखळी पण चालत नाही भावा. वाकलं की लोंबते.

हुपरी_चांदी
मग सिलिकॉनची अंगठी, ओढ बसली की तुटते. ती आमच्याकडं मिळत नाही, तरी सांगितली.

लेथमास्तर
सिलिकॉनचीही बंदीच आहे, सेफ्टीवाल्याला विचारून झालं.

बरं मंडळी, आज सुपरवायझरशी बोललो. आधी हसला, मग तीन आठवडे इन्स्पेक्शनला टाकतो म्हणाला, फक्त मार्चएंड झाल्यावर. हिच्याशीही बोललो. अक्षर रद्द. डाव्या हाताच्या अनामिकेवर, फक्त वरच्या बाजूला, एक साधी जाड काळी पट्टी, दोघांची सारखीच. लग्नात मेंदीची अंगठी. कार्ड सापडलं नाही, म्हणून लसीचा पहिला डोस दोघांनी घेतला. तिसरा डोस होईस्तोवर मार्चएंड येतोच, त्यामुळं सगळं जुळतंय. घरी आईला सांगितलं. ती म्हणाली तुझ्या पणजीच्या हातभर होतं, तू काय नवीन सांगतोस. एवढं घाबरलो होतो.

शाईवाले दादा, पट्टी किती रुंद?

शाईवाला
दोन ते अडीच मिलिमीटर. त्याहून बारीक नको, तुटक दिसायला लागते. सांध्याच्या घडीपासून जरा खाली घ्यायची. येताना नखं कापून, पोटभर जेवून ये, उपाशीपोटी चक्कर येते. आदल्या रात्री दारू नको. टचअप लागणार हे धरूनच चल, एक तरी लागतोच. जखम पूर्ण भरल्याशिवाय टचअपला येऊ नको. खपली ओढायची नाही, आणि बरं झाल्यावर उन्हात गाडी चालवताना सनस्क्रीन लावायचं.

शिवाजीपेठ_जुना
एक राहिलं. हा गडी दर शिवजयंतीला आमच्या मंडळाच्या शिबिरात रक्त देतो. टॅटू काढल्यावर घेतात का?

ओटीवाली_सिस्टर
टॅटूनंतर १२ महिने घेत नाहीत, फॉर्मवर तसा प्रश्नच असतो आणि तिथं खोटं लिहायचं नाही. एप्रिलमध्ये काढला तर या फेब्रुवारीचं शिबिर त्याला मिळेल, पुढच्या वर्षीचं हुकेल. तोवर त्याच्या नावावर तुम्ही द्या.